दोन मिली

बाळकुममधल्या आमच्या सातव्या मजल्यावरून
तबेल्याचे पत्रे दिसतात,
दोन टॉवरांच्या फटीत अडकलेले.
वासाच्या तक्रारअर्जावर माझीही सही आहे,
तिसऱ्या पानावर, निळ्या शाईत.
तेव्हा मला चौथा लागला होता
आणि शेणाचा वास थेट घशाशी यायचा.

मग सातव्यातच सगळं घाईघाईनं झालं.

आता मुलगी काचेत आहे.
अकराशे साठ ग्रॅम.
नाकातून नळी, टाचेला पट्टी.
आणि मी जिन्याखालच्या खोलीत पंप लावून.
पंप घरघरतो. बाटलीचा तळ कोरडा.

घरत सिस्टर म्हणतात, डोळे मिटून बसू नको गं.
फोन काढ. तिचा व्हिडिओ लाव, रडतानाचा.
मी लावते. अकरा सेकंदांचा.
मांजराच्या पिल्लाचा असावा असा आवाज,
तोही मधेच तुटलेला.
आणि छातीत मुंग्या, सुया,
मग टप्.
मग बऱ्याच वेळानं टप् टप्.
दोन मिली.
सिस्टर सिरिंज उजेडात धरतात,
सोनारानं गुंज तोलावी तशा.
पिवळसर आहे, म्हणतात. चीक आहे चीक.

हा शब्द मी आजवर
फक्त खरवसासाठी वापरला होता,
गूळ आणि जायफळ घालून.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं.
ही वार, ही नाळ.
शेवटच्या दोन महिन्यांत
आई आपल्या जुन्या आजारांची शिदोरी बांधून देते,
लहानपणी निघालेला गोवर, कांजिण्या,
त्यातून उठताना रक्तानं जे शिकलं ते.
तुमचं ते राहिलं, म्हणाले,
वीजबिल भरायचं राहावं तसं.
मग मला बरं वाटावं म्हणून असेल,
म्हशींचं तर सगळंच राहतं, म्हणाले.
त्यांच्या वारेतून यातलं काही पलीकडे जात नाही.
रेडकू कोरं जन्मतं.
त्याचं सगळं पहिल्या चिकात.

त्या संध्याकाळी घरी जाताना
मी पहिल्यांदा तबेल्याच्या फाटकातून आत गेले.
रामसजीवन धार काढत होता.
म्हशीपुढे रेडकू उभं होतं.
हलत नव्हतं.
पोटावर सुतळीचे टाके,
एका कानातून पेंढा बाहेर आलेला,
डोळ्यांच्या जागी डोळे नाहीत.
परवा जन्मतानाच गेलं, तो म्हणाला,
ही पान्हवेना. काय करणार.

म्हैस त्याला चाटत होती.
मानेपासून शेपटीपर्यंत,
पुन्हा मानेपासून.
केस एका बाजूला बसलेले, ओले, चकचकीत.

तिला कळत नाही? मी विचारलं.
त्यानं धार थांबवली नाही.
नाकानं ती आपल्यापेक्षा शहाणी, म्हणाला.
कळत असेल.
पण चाटायला काहीतरी लागतं.

निघताना त्यानं बाटलीभर चीक पुढे केला.
मी नको म्हटलं.
मग घेतला.
फ्रीजमध्ये अजून तसाच आहे,
सकाळी दवाखान्यात न्यायच्या माझ्या बाटल्यांशेजारी.
सवयीनं त्याच्यावरही मी पट्टी लावली,
तारीख, वेळ.
नावाची जागा रिकामी ठेवली.

पहाटे तीनचा गजर होतो.
खाली पत्र्याआड पिवळा बल्ब लागलेला असतो,
बादलीचा आवाज येतो.
अर्जावर सोमवारी सुनावणी आहे,
सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आलाय,
मी अजून काहीच उत्तर दिलेलं नाही.

पंप लावते. फोन उघडते. अकरा सेकंद.
पुन्हा अकरा सेकंद.
काचेवर एक थेंब उडतो.
अंगठ्यानं पुसते,
तिच्या टोपीपासून खाली
टाचेच्या पट्टीपर्यंत,
आणि थेंब कधीच निघून गेलाय
तरी पुन्हा
टोपीपासून.